जे कौसाबाईंच्या माथी मारलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे बसले तरी एवढं वगळूनच बोलत आले — जणू त्याला बाकीचं सगळं कळतं आणि हेच तेवढं कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. सकाळपासून दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

मी नर्स होते. आष्टी तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्सबाई. पाच गावं माझ्याकडे होती आणि त्यातल्या एका गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं. नवरा आणि घर वर्ध्याला, मी सोमवार ते शनिवार गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे एकोणीस वर्षं काढली — पोरांना लशी टोचल्या, गरोदर बाया तपासल्या, तापाच्या गोळ्या वाटल्या, आणि गावाला भरपूर बोलणीही ऐकवली. तोंडाची मी फटकळ. गावानं ते खपवून घेतलं, कारण वेळेला ही बाई धावून येते असा लौकिक होता. निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ देऊन सरपंच म्हणाले, बाईंनी गावाला आईसारखं जपलं. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई किती साध्या.

आधी आकड्याचं सांगते. तो लहान गुन्हा आहे. मोठा त्याच्यामागे उभा आहे, आणि त्याच्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

नोकरीला नवी असताना एका जुन्या सिस्टरनं मला शिकवलं होतं, की घाई असली, गर्दी असली, तर रक्तदाबाच्या रकान्यात एकशे दहा बाय सत्तर लिहून टाकायचं. एकशे वीस बाय ऐंशी लिहू नकोस म्हणे, ते पुस्तकातलं वाटतं, साहेबाला शंका येते. एकशे दहा-सत्तर कसं, गरोदर बाईला शोभून दिसतं. आम्ही दोघी हसलो होतो. तुम्हाला यात हसण्यासारखं काय दिसतं? मलाही आता दिसत नाही. पण तेव्हा ती हुशारी वाटली होती, आणि मी ती वापरली. दर वेळी नाही — अधूनमधून. बाई धडधाकट दिसली, चालत आली, बोलली-चालली, की लिहायचं. माझ्या डोळ्यांना कळतं असा माझा तोरा होता. चाळीस बाया डोळ्यांनी तपासल्या आणि काही झालं नाही, की एकेचाळिसावीला मशीन लावायचा कंटाळा येतो.

एकेचाळिसावी शुभांगी होती.

कौसाबाईंची सून. कौसाबाई म्हणजे भाजीवाल्या; दोन एकर रान, विहीर, त्यात वांगी, मेथी, सांबार — तुमच्याकडे कोथिंबीर म्हणत असतील. आष्टीच्या बाजारात त्यांचं बसण्याचं ठिकाण ठरलेलं होतं. वयानं माझ्याएवढ्याच. लेक नव्हती, एकच मुलगा गजानन, आणि ही सून आली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. शुभांगी अमरावतीकडची, बावीस वर्षांची, जरा लाजरी. सासू-सून दोघी अंगणात बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि मी रस्त्यानं दिसले की कौसाबाई एक जुडी माझ्या पिशवीत कोंबायच्या. मी नको म्हणायचे. त्या ऐकायच्या नाहीत.

सातव्या महिन्यात तिची ओटी भरली, तेव्हा मीही गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी हिरव्या बांगड्या भरतात आणि बाळंतपणापर्यंत त्या उतरवत नाहीत. कासारणीनं भरल्या तेव्हा त्या मनगटात खुळखुळत होत्या. हे मी पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं — ज्या डोळ्यांचा मला एवढा तोरा होता, त्याच.

महिन्याभरानं, आठव्यात, अंगणवाडीत तपासणीचा दिवस होता. त्या दिवशी माझ्या भाचीला पाहायला पाहुणे वर्ध्याला येणार होते. संध्याकाळी पाच वाजता. आष्टीहून दीडची एसटी धरली तरच पोहोचणार होते, आणि बहिणीनं बजावलं होतं, तू आली नाहीस तर पोहे कोण करेल? हे मी का सांगते? माझी बाजू मांडायला नाही. मी कशासाठी घाई केली ते तुम्हाला कळावं म्हणून. पोह्यांसाठी.

शुभांगी शेवटची होती. कौसाबाई सोबत होत्या. शुभांगी हळूच म्हणाली, "बाई, दोन दिवसापासून डोकं लय दुखून राह्यलं. अन् ह्या बांगड्या रुतून राह्यल्या." तिनं हात पुढे केला. बांगड्या हलत नव्हत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना मांस वर आलं होतं. कौसाबाईंना मात्र त्यात कौतुकच दिसत होतं. सुनेचं अंग भरलं, आपल्या घरचं अन्न अंगी लागलं, असं त्यांना वाटत होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं. गरोदर बाईच्या बांगड्या घट्ट झाल्या की बाया सासूला नावाजतात.

पण मी बाया नव्हते. मी नर्स होते. आठव्या महिन्यात सूज आणि डोकेदुखी म्हणजे रक्तदाब चढल्याची खूण, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी काय केलं? मी थट्टा केली. म्हटलं, सासूनं लोणी चारलं वाटतं सुनेला. शुभांगी हसली. माझ्या थट्टेला ती हसली.

आणि मशीन — मशीन बिघडलं होतं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते बिघडलेलं नव्हतं. पट्ट्याचं चिकटायचं टोक गेलं होतं, एवढंच. कोणीतरी पट्टा हातानं दाबून धरला की ते नीट चालायचं. कौसाबाई समोर बसल्या होत्या. दोन हात होते त्यांना. "जरा धरता का" एवढंच म्हणायचं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि कार्डावर एकशे दहा बाय सत्तर लिहिलं.

आता इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या निघता निघता कौसाबाई वळल्या आणि त्यांनी विचारलं, "बाई, उद्या आष्टीले नेऊन दाखवू का इले? डोकं दुखते म्हणते तं." लक्षात ठेवा हे वाक्य. मी अकरा वर्षांत ते विसरू शकलेले नाही. त्यांनी विचारलं होतं. आपण होऊन विचारलं होतं. आणि मी पर्स खांद्याला लावत म्हटलं, "काही गरज नाही. एवढं होतंच. उन्हात नेऊ नका तिला." कौसाबाईंचा चेहरा हलका झाला. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

मी एसटी धरली. पोहे चांगले झाले. भाचीचं त्या घरी जमलं नाही, ते वेगळं.

आठव्या दिवशी सकाळी चूल पेटवताना शुभांगीला झटके आले. डोळे पांढरे झाले, जीभ चावली गेली. घरच्यांनी एक क्षण दवडला नाही, हेही नीट ऐका. गजाननानं शेजाऱ्याची गाडी काढली, कौसाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चपला न घालता तशाच गाडीत बसल्या. आष्टीला नेलं, तिथून आर्वीला पाठवलं, आर्वीहून वर्ध्याला. प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांनी कार्ड पाहिलं असणार आणि त्यावर माझ्या अक्षरातला तो सुंदर आकडा पाहिला असणार. दुपारी पोट चिरून मुलगी काढली. मुलगी वाचली. शुभांगी तिसऱ्या दिवशी गेली.

मला निरोप आला तेव्हा मी उपकेंद्रात लशींची पेटी आवरत होते. पहिला विचार कोणता आला, सांगू? मेलेल्या पोरीचा नाही. त्या चिमुरडीचा नाही. पहिला विचार आला — रजिस्टर.

बाळंतीण गेली की चौकशी होते, हे मला माहीत होतं. उशीर कुठे झाला ते पाहतात. घरच्यांनी केला, रस्त्यात झाला, की दवाखान्यात झाला. प्रशिक्षणात हे तिन्ही उशीर आमच्याकडून पाठ करून घेतले होते. आणि मला हेही माहीत होतं, की पहिला उशीर सगळ्यांना सोयीचा असतो. तो घरच्यांचा असतो. त्यात कोणाची नोकरी जात नाही.

मी रजिस्टर उघडलं. शुभांगीच्या नावापुढे सल्ल्याचा रकाना कोरा होता. शाईत फरक दिसू नये म्हणून मी त्या दिवशीचं पेन शोधलं. ते पर्सच्या तळाशी एसटीच्या तिकिटाबरोबर सापडलं. आणि लिहिलं, पायावर व हातावर सूज, आष्टी येथे तपासणीस जाण्याचा सल्ला दिला, सासूने नकार दिला. अक्षर छान आलं. हात कापला नाही. हात कापला असता तर निदान मला स्वतःबद्दल काहीतरी बरं म्हणता आलं असतं.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून तिघं जण चौकशीला आले. कौसाबाईंच्या ओसरीवर सतरंजी टाकली होती. आत तान्ही मुलगी रडत होती. गावातली आशाताई तपासणीच्या दिवशी माहेरी गेली होती, अंगणवाडीच्या बाई आत पोरांची वजनं करत होत्या — म्हणजे त्या दिवशी काय बोलणं झालं ते तिघींनाच माहीत, आणि त्यातली एक आता नव्हती. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांच्यातल्या डॉक्टरांनी वाचलं आणि कौसाबाईंना शांतपणे विचारलं, की नर्सबाईंनी आष्टीला न्यायला सांगितलं होतं का?

कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही — अशा वेळी नजर चुकवली तर माणूस पकडला जातो, एवढी अक्कल मला होती. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल. आता माझे केस धरेल. तिनं धरायलाच हवे होते. त्यांनी मान वळवून आत रडणाऱ्या नातीकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "सांगतलं असन बाईनं. मलेच समजलं नसन. बाई खोटं कायले लिहिन?"

गजानन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं आईकडे एकदा पाहिलं आणि तो घराबाहेर निघून गेला.

तुम्ही म्हणाल, मी त्या एका क्षणात घाबरले असेन. नाही. क्षण पुष्कळ होते. त्यानंतर दहा वर्षं मी त्याच गावात होते. रोज त्या ओसरीवरून जायचे. पाय वळवायला किती लागतं? दोन पावलं. मी ती दोन पावलं टाकली नाहीत.

कौसाबाईंचं काय झालं ते सांगते. मुलगा त्यांच्याशी बोलेनासा झाला. दोन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केलं आणि हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला. मुलगी, प्रांजली, आजीजवळच राहिली. गावात कोणाची ओटी भरायची असली की कौसाबाईंचा नवरा हयात असूनही त्यांना बोलावणं बंद झालं. सून खाल्लेली बाई, असं बाया कुजबुजायच्या. कौसाबाईंनी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. का दिलं नाही? कारण हळूहळू त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. बाईंनी आष्टीला ने म्हटलं होतं आणि आपणच ऐकलं नाही, असं त्या स्वतःच सांगू लागल्या. कधी म्हणायच्या, त्या दिवशी वांगी तोडायची होती, त्याच नादात मी बाईकडे ध्यान दिलं नसेल. वांग्यांचं त्यांनी स्वतः रचलं. माझ्या खोट्याला कारण लागत होतं, ते त्यांनी शोधून दिलं.

आणि मी ते वापरलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते. अंगणवाडीत गरोदर बायांची सभा असली की कौसाबाई दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आणि मी त्यांना आत बोलवायचे. नव्या सुनांसमोर त्या पदर डोक्यावर घेऊन सांगायच्या, "बाईचं आयकत जा बरं. मी नाई आयकलं, माही सून गेली." पोरी ऐकायच्या. तपासणीला यायच्या. वरिष्ठ म्हणायचे, या गावात जागृती चांगली आहे. मी शेजारी खुर्चीवर बसलेली असायचे.

त्यानंतर मी एकाही बाईला मशीन लावल्याशिवाय सोडलं नाही. दोन्ही हातांना लावायचे. नवा पट्टा स्वतः वर्ध्याहून आणला. पण हे माझ्या जमेत धरू नका. मी धरत नाही.

आता शेवटचं. मी म्हटलं होतं मोठा गुन्हा मागे उभा आहे, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल रजिस्टरचा. मलाही बरीच वर्षं तोच वाटायचा.

निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात शाळेत मुलींची तपासणी होती. प्रांजली पाचवीत होती. चणीनं लहान, पण डोळे सरळ. समोरच्याला पाहताना पापणी हलवत नाही. बाकीच्या मुली गेल्या आणि ती मागे राहिली. मला वाटलं, पोट दुखत असेल. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आजीनं आईले दवाखान्यात नेऊ दिलं नाई, हे खरं हाये का?"

वर्गात आम्ही दोघीच होतो. बाहेर खिचडीच्या ताटल्या वाजत होत्या. कोणी चौकशीला आलेलं नव्हतं, रजिस्टर नव्हतं, नोकरीचे मोजून सहा महिने उरले होते. माझं काय जाणार होतं? सांगा ना, काय जाणार होतं? ती आशेनं विचारत होती. मी नाही म्हणावं म्हणून ती मागे राहिली होती. शाळेत पोरी तिला चिडवत असणार, बापानं काहीबाही सांगितलं असणार. तिला आजी परत हवी होती आणि ती माझ्या हातात होती.

मी म्हटलं, "हो बाळा. पण आजीला समजलं नव्हतं."

पण आजीला समजलं नव्हतं. वर ही दयाही दाखवली मी.

तिनं दप्तर उचललं आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बापाकडे हिंगणघाटला गेली, आणि शाळा सुरू झाली तरी परत आली नाही. सावत्र आईजवळ राहीन, पण आजीजवळ नाही, असं तिनं सांगितल्याचं कानावर आलं.

मी गाव सोडलं त्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं आणि कौसाबाई आल्या. हातात मेथीची जुडी. खूप वाळल्या होत्या. पोरगी गेली ते त्यांनी मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "बरोबरच हाये तिचं, बाई. मायले मारणाऱ्या हाताचं कोण खाईन?"

त्या माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या होत्या. एखादा शब्द मिळेल म्हणून थांबल्या असतील. मी जुडी घेतली आणि मान हलवली — त्या म्हणाल्या ते बरोबर आहे, अशी.